पेट्रोल महागलं की गाडीवेडे हळू चालवतात का?

गाडीवेड्या माणसाला "पेट्रोल एवढं महागलंय, परवडतं का रे?" असं विचारून बघा. तो लगेच दोन-चार शिव्या सरकारला देईल, दोन-चार अरबांना देईल, आणि मग त्याच दमात सांगेल की परवा पहाटे नगर रोडला काय मस्त गाडी पळवली म्हणून! कुरकुर आणि कृती यांच्यात एवढं अंतर दुसऱ्या कुठल्या छंदात सापडणं अवघड आहे.

तर या वीकेंडला जरा इतिहासात डोकावून बघू. इंधन महागलं की गाडी प्रेमाने चालवणारा माणूस नेमकं काय बदलतो? वेग? रस्ता? की गाडीच? आणि हा इतिहास बघायला आपलं संभाजीनगर फारच सोयीचं गाव आहे (नाव २०२३ मध्ये बदललं, त्यामुळे जुन्या काळाबद्दल लिहिताना औरंगाबाद म्हणतो, गोंधळ नको). गेल्या चाळीस वर्षांत स्वस्तातली दुचाकी, डिझेलची परदेशी सेडान, दीडशे मर्सिडीज आणि इलेक्ट्रिक गाड्यांची घाऊक खरेदी, सगळं या एका गावाने बघितलंय.

सुरुवात १९७३ पासून करू. ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि अरब देशांनी तेल रोखलं. तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. आपल्याकडे पेट्रोलचे दर एकदम भडकले. नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधी पेट्रोल वाचवायचा संदेश म्हणून घोडागाडीतून गेल्या, तर अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत पोचले! दोघांचाही हेतू वेगळा, वाहनाचा हॉर्सपॉवर मात्र साधारण सारखाच.

मराठवाड्यात त्या वेळी काय चाललं होतं? १९७२ च्या भीषण दुष्काळातून लोक नुकते कुठे डोकं वर काढत होते. गाडी म्हणजे फियाट नाहीतर अँबेसिडर, आणि ती असणारी घरं बोटावर मोजण्याइतकी. त्यामुळे "पेट्रोल महागलं म्हणून ड्रायव्हिंग बदललं" ही गोष्ट तेव्हा आपली नव्हतीच. ती होती श्रीमंत देशांची.

आणि तिथे काय झालं ते फार बोलकं आहे. हॉलंडने रविवारी गाड्या रस्त्यावर आणायलाच बंदी घातली. पश्चिम जर्मनीनेही काही रविवार तसंच केलं, वर ज्या ऑटोबानला वेगमर्यादा नाही म्हणून जगभरचे गाडीवेडे उसासे टाकतात, तिथे ताशी १०० ची मर्यादा लावली. अमेरिकेने १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आणली. त्या वर्षीची माँटे कार्लो रॅली रद्द झाली. डेटोना ५०० ही प्रसिद्ध शर्यत ५०० ऐवजी ४५० मैलांची केली, आणि तीही कशी, तर लॅप मोजायला सुरुवातच एकविसाव्या लॅपपासून! (आमच्या क्षेत्रात रिलीजची तारीख गाठायला असल्या युक्त्या सर्रास चालतात.)

आता जरा लक्ष देऊन बघा. या यादीत एकही गोष्ट भावामुळे झालेली नाही. रविवारची बंदी, वेगमर्यादा, रद्द झालेली रॅली, सगळं टंचाईमुळे आणि सरकारी हुकमामुळे. जर्मनीतली १०० ची मर्यादा मार्च १९७४ मध्ये उठली आणि मंडळी पुन्हा पहिल्यासारखी सुसाट. म्हणजे गाडीवेड्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा तर पंप बंद ठेवावा लागतो किंवा रस्त्यावर पोलीस उभा करावा लागतो. नुसत्या बिलाने तो पाय उचलत नाही.

पण बिलाने काहीच होत नाही असंही नाही. ते हळूहळू काम करतं, आणि ते शोरूममध्ये दिसतं.

१९७८ मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन काढली. 'ताशी ४५ ते ५५ च्या वेगाने चालवा, इंधन वाचवा' हा उपदेश त्यांचाच. किती जणांनी ऐकला हा भाग सोडा. पण १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, आणि 'ॲव्हरेज' हा शब्द मराठीत कायमचा मुक्कामाला आला. १९८५ मध्येच बजाजने वाळूजला कारखाना सुरू केला आणि पुढच्या वर्षी एम-८० बाजारात आणली. दूधवाले, शेतकरी, फिरते विक्रेते, सगळ्यांनी ती उचलली. उपदेशाने जे झालं नाही ते इंजिनाच्या आकाराने झालं. माणूस तसाच राहिला, त्याच्या खालची गाडी बदलली.

मग १९९० चं आखाती संकट. इराक कुवेतमध्ये घुसला, आणि ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे पेट्रोलियम पदार्थांवर २५ टक्के 'गल्फ सरचार्ज' लागला. नव्वदच्या दशकातले देशी जुगाड आठवतात का? मारुती व्हॅनमध्ये घरगुती गॅसचं सिलिंडर! बेकायदा, धोकादायक, आणि तरीही गल्लोगल्ली. २००० मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल होऊन गॅसवर गाडी चालवायला अधिकृत वाट मिळाली.

दुसरा जुगाड म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणे. आजही अनेक काकामंडळी घाटात हे करतात आणि पेट्रोल वाचवल्याचं समाधान मिळवतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्याला थोडा तरी अर्थ होता. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय उचललात की कॉम्प्युटर इंजिनाचा इंधनपुरवठाच बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल टाकलंत की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावं लागतं. म्हणजे पेट्रोल जास्त जातं आणि वर इंजिन ब्रेकिंगही जातं! घाटातल्या काकांना हे नक्की सांगा.

आता औरंगाबादचा खरा सुवर्णकाळ. २००१ पासून शेंद्र्याला स्कोडाच्या कारखान्यात ऑक्टाव्हिया बनायला लागली. तिचं १.९ लिटरचं टर्बो डिझेल इंजिन म्हणजे त्या काळातल्या गाडीवेड्यांचं दैवत. तोवर डिझेल म्हणजे धूर, खडखडाट आणि टॅक्सी. ऑक्टाव्हियाने दाखवून दिलं की डिझेल गाडीही सीटला पाठ चिकटवू शकते. आणि डिझेल स्वस्त, कारण सरकार त्याचे दर दाबून ठेवत होतं.

जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणातून मोकळे केले, डिझेलचे मात्र नाही. मे २०१२ मध्ये पेट्रोल एका रात्रीत साडेसात रुपयांच्या आसपास वाढलं आणि दोन्ही इंधनांतली दरी लिटरमागे तीसेक रुपयांवर गेली. मग काय, जो तो डिझेल गाडीच्या मागे. आणि गाडीवेड्यांनी काय केलं? वाचलेले पैसे बँकेत ठेवले? छे! किलोमीटरचा खर्च कमी झाला म्हणून ते जास्त फिरायला लागले. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्येच कोळशाबद्दल हे लिहून ठेवलंय: इंजिन कमी कोळसा खायला लागलं की देशाचा कोळशाचा खप घटत नाही, वाढतो.

दीडशे मर्सिडीजची गोष्ट याच काळातली. ऑक्टोबर २०१०, म्हणजे पेट्रोल मोकळं झाल्याला जेमतेम चार महिने झालेले. औरंगाबादच्या उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या. सौदा साधारण ६५ कोटींचा. देशभर बातमी झाली, मुंबई-पुण्याची मंडळी 'हे औरंगाबाद नक्की कुठेशी आलं?' म्हणून नकाशा बघायला लागली. आपल्याला बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. पण आपल्या प्रश्नापुरतं बघायचं तर ज्याला ती गाडी परवडते त्याच्या लेखी लिटरचा भाव ही बातमी असते, अडचण नसते.

पुढचं माहीतच आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मोकळं झालं, दरी बुजत गेली, २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले आणि स्कोडा, मारुती दोघांनीही डिझेलला रामराम ठोकला. जून २०१७ पासून दर रोज बदलायला लागले. मे २०२१ मध्ये परभणीत साध्या पेट्रोलने शंभरी ओलांडली, एप्रिल २०२२ मध्ये तर मुंबईत ते १२० च्याही पुढे गेलं. नंतर केंद्र आणि राज्य दोघांनी कर कमी केले तेव्हा कुठे जरा उतरलं. त्यातही एक गंमत (म्हणजे गंमत नाहीच) बघा. त्या काळात मुंबई, ठाणे, नवी मुंबई यांच्या जोडीला औरंगाबाद आणि अमरावती या शहरांवर व्हॅटचा दर उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा जास्त होता: पेट्रोलला २५ ऐवजी २६ टक्के, डिझेलला २१ ऐवजी २४. पगार मुंबईचे नाहीत, कर मात्र मुंबईचा!

आता जरा गणित करू, सवय जात नाही. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला, जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. वेगमर्यादा ताशी १२०. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० वरून १२० ला गेलात की तो सव्वादोन पट. समजा ८० ला तुमची गाडी १८ चं ॲव्हरेज देते आणि १२० ला १३ चं. ४०० किलोमीटरला एकीकडे साधारण २२ लिटर, दुसरीकडे ३१. हिशेबाला सोपं म्हणून लिटर १०० रुपये धरा, तर फरक साधारण साडेआठशे रुपये. वेळ वाचला शंभर मिनिटं. म्हणजे मिनिटाला साडेआठ रुपये, तासाला पाचशेच्या वर.

महिन्याला लाखभर पगार घेणाऱ्या माणसाच्या कामाच्या एका तासाची किंमतही जवळपास तेवढीच येते! म्हणजे १२० ने जाणारा आपला आयटीवाला वेडा नाही, नकळत तो अगदी बरोबर हिशेब करतोय. तो हळू का होत नाही याचं उत्तर या आकड्यात आहे. पगार वाढत गेले तसा भावाचा धाक त्याच्यापुरता कमी होत गेला.

पण हाच हिशेब वाळूजला जाणाऱ्या कामगाराचा करा. शहरातून रोज जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, बाइकचं ॲव्हरेज ५० धरा, महिन्याचे २६ दिवस. साधारण साडेपंधरा लिटर, साडेपंधराशे रुपये. पगार पंधरा हजार असेल तर दहा टक्के पेट्रोलमध्ये गेले. हा माणूस आधीच चाळीस-पन्नासच्या वेगाने चालवतोय, आधीच सर्वात काटकसरी गाडीवर बसलाय, आणि त्याची एकही फेरी हौसेची नाही. कमी करायला त्याच्याकडे काही शिल्लकच नाही. पन्नास वर्षं 'इंधन वाचवा' हा उपदेश सगळ्यांना सारखाच केला गेला. तो ऐकायची ज्याला ऐपत होती त्याने ऐकला नाही, आणि जो आधीच पाळत होता त्याच्याकडून बिल वसूल झालं.

म्हणून मला २०२२ मधली गोष्ट मर्सिडीजपेक्षा महत्त्वाची वाटते. शहरातल्या उद्योजकांनी 'औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी' नावाची मोहीम काढली आणि अडीचशेच्या आसपास इलेक्ट्रिक गाड्यांची एकगठ्ठा नोंदणी जाहीर केली. एकत्र येऊन घासाघीस करायची युक्ती तीच, गाडी वेगळी. २०२४ मध्ये टोयोटा आणि एथर या दोघांनीही इथे कारखान्यांची घोषणा केली. पुढची एम-८० बॅटरीवरची असेल आणि तीही इथेच बनेल, अशी आशा करायला हरकत नाही. इतिहास बघता माणसाच्या सवयी बदलायची वाट बघण्यापेक्षा त्याच्या खालची गाडी बदलणं जास्त कामाचं ठरलंय. पण ती गाडी आधी वाळूजच्या पार्किंगमध्ये दिसायला हवी, जालना रोडच्या बंगल्यांत ती तशीही पोचणारच आहे.

आणि तोवर? तोवर वाळूजला, शेंद्र्याला धडपणे, वेळेवर जाणारी बस. साडेपंधराशे रुपयांतले निम्मे तरी वाचवायचा तो सगळ्यात जुना आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. आपल्या गाडीवेड्यांच्या गप्पांत तो कधी निघत नाही.

असो. बराच वेळ घेतला. उद्या पहाटे दौलताबादकडे चक्कर मारणार असाल तर निघण्याआधी टायरमधली हवा तेवढी बघा. हवा कमी असली की ॲव्हरेज पडतं, आणि ते वाचवायला हळू चालवायचीसुद्धा गरज नाही!