पडद्याआडचे काम

मोबाइल खिशात आहे, पडदा काळा आहे, आणि तेवढ्यात निरोप आल्याचा आवाज होतो. निरोपाचे अ‍ॅप तर आपण सकाळीच मिटले होते. मग निरोप घेतला कोणी? वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. बहुतेक मुले म्हणतील, ‘अ‍ॅप आतून चालूच असते.’ आम्हीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. हे उत्तर अर्धेच खरे आहे. बऱ्याचदा ते अ‍ॅप झोपलेले असते, आणि ते झोपलेलेच राहावे म्हणून मोबाइल बनवणाऱ्यांनी मोठा खटाटोप केलेला असतो. हा खटाटोप कशासाठी, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९५०च्या दशकात संगणक एका वेळी एकाच माणसाचे काम करी. पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि उत्तरासाठी कित्येक तास वाट पाहायची. १९५९ साली पॅरिसमध्ये युनेस्कोने भरवलेल्या परिषदेत इंग्लंडचे ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी महागड्या यंत्राचा वेळ वाटून घेण्याची कल्पना मांडली. नोव्हेंबर १९६१मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी प्रणाली प्रत्यक्ष चालवून दाखवली. तिचे नाव सीटीएसएस. टंकयंत्रासारख्या उपकरणासमोर बसलेल्यांची कामे ती आधी करी. त्यांना तिथे ‘फोरग्राउंड’, म्हणजे दर्शनी कामे, म्हणत. समोर कोणी खोळंबलेले नसेल तेव्हा उरलेल्या वेळात ती कार्डांच्या गठ्ठ्यांची जुनी कामे उरकी. ही ‘बॅकग्राउंड’, म्हणजे मागची कामे. आज मोबाइलच्या सेटिंगमध्ये दिसणारा हा शब्द इतका जुना आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवू. त्या काळी टंचाई होती ती यंत्राच्या वेळेची. वीज भिंतीतून येत होती, तिचा हिशेब कोणी ठेवत नव्हते. मागची कामे म्हणजे फुकट मिळालेल्या वेळाचा सदुपयोग होता. मोबाइलमध्ये हे गणितच उलटले. प्रक्रियकाला वेळच वेळ आहे, वीज मात्र मोजकी.

ती किती मोजकी, हे आपणच काढू. साधारण २०१० सालच्या आसपासच्या फोनमध्ये १,००० मिलिअँपिअर-तासांच्या पुढेमागे क्षमतेची बॅटरी असे. ३.७ व्होल्टने गुणले की ३.७ वॅट-तास. एवढ्या ऊर्जेवर ६० वॅटचा जुना दिवा चार मिनिटेही जळत नाही. फोनमधला रेडिओ, म्हणजे मनोऱ्याशी बोलणारा भाग, काम करताना सुमारे एक वॅट घेतो असे धरू. तो सतत चालू राहिला तर पावणेचार तासांत बॅटरी संपेल. शिवाय या रेडिओला एक खोड आहे. पाठवायची माहिती क्षणात जाते, पण आणखी काही येईल या अपेक्षेने तो त्यानंतर काही सेकंद जागाच राहतो.

आता समजा, एखादे अ‍ॅप पडद्याआडून दर मिनिटाला ‘काही नवे आहे का?’ असे विचारते, आणि दर वेळी रेडिओ १५ सेकंद जागतो. म्हणजे पाव भाग वेळ तो जागा. सरासरी खर्च पाव वॅट. फोनला हातही न लावता बॅटरी १५ तासांत रिकामी. अशी चार अ‍ॅप असतील, आणि प्रत्येकाने मिनिटातला वेगळा क्षण निवडला असेल, तर रेडिओला झोप नाहीच. पुन्हा पावणेचार तास. पण त्याच चौघांनी एकाच क्षणी विचारायचे ठरवले, तर खर्च जवळजवळ एकाचाच. काम तेवढेच, बॅटरी चौपट टिकली! हे उदाहरण आठवी-नववीच्या मुलांकडून जरूर सोडवून घ्यावे. पुढचा सारा इतिहास या हिशेबातून निघतो.

१९९६मध्ये आलेल्या ‘पायलट’ या तळहाताएवढ्या संगणकाने हा प्रश्न सोपा करून टाकला होता. एका वेळी एकच आज्ञावली. दुसरी उघडली की पहिली संपली. पहिलीला पुढे कधी जागे व्हायचे असेल तर तिने प्रणालीकडे गजर लावून ठेवायचा. दोन बारीक सेलवर ते यंत्र कित्येक आठवडे चाले.

जून २००७मध्ये अमेरिकेत आयफोन विक्रीला आला, आणि जुलै २००८मध्ये बाहेरच्या लोकांनी लिहिलेली अ‍ॅप त्यावर घेता येऊ लागली. त्यांना एक कडक अट होती. पडद्यावरून गेलात की थांबायचे. निरोपांची अ‍ॅप लिहिणारे वैतागले. जून २००८मध्ये अ‍ॅपलचे स्कॉट फॉर्स्टॉल यांनी सांगितले, की मागे चालणाऱ्या अ‍ॅपमुळे बॅटरी खर्ची पडते आणि समोरचे कामही मंदावते. त्याऐवजी त्यांनी वेगळी सोय जाहीर केली. ती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये द्यायची होती, प्रत्यक्षात आली जून २००९मध्ये.

ही सोय आपल्याला शाळेतून चांगली समजेल. समजा, प्रत्येक शिक्षक दर दहा मिनिटांनी वर्ग सोडून ‘माझ्यासाठी काही सूचना?’ असे कार्यालयात विचारायला जाऊ लागला तर? शाळा चालणार नाही. म्हणून एक शिपाई सूचना वही घेऊन वर्गावर्गात फिरतो. मोबाइलमध्येही तसेच केले. फोन आणि कंपनीचा मध्यवर्ती संगणक यांच्यात एकच जोडणी जागी राहते. सगळ्या अ‍ॅपचे निरोप त्या एकाच वाटेने येतात, आणि फोनची प्रणाली ते आपल्यापुढे ठेवते. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच. आवाज झाला तेव्हा अ‍ॅप बहुधा झोपलेलेच होते. निरोप शिपायाने आणला.

जून २०१०मध्ये आयफोनची चौथी प्रणाली आली आणि दार थोडे किलकिले झाले. गाणी वाजवणे, इंटरनेटवरून फोन, ठिकाण दाखवणे अशा ठरावीक कामांना मागे चालायची परवानगी मिळाली. हाती घेतलेले काम पुरे करायलाही थोडी मिनिटे मिळू लागली. २०१३पासून नवी माहिती आणायला अ‍ॅपला मधूनमधून उठवले जाऊ लागले. पण कधी उठवायचे ते प्रणाली ठरवणार, तेही तुमची अ‍ॅप वापरण्याची वेळ पाहून.

अँड्रॉइडचा प्रवास दुसऱ्या टोकाकडून झाला. त्याचा पहिला फोन ऑक्टोबर २००८मध्ये आला. त्यात मागे काम करायला पुष्कळ मोकळीक होती, आणि तिचा व्हायचा तो परिणाम झाला. दुपारपर्यंत बॅटरी संपू लागली. मग ‘मागची अ‍ॅप मारून टाकणारी’ अ‍ॅप निघाली. लोक ती हौसेने घेत, पण मारलेले अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला उलट जास्तच वीज लागे! २०१५च्या अँड्रॉइड ६मध्ये ‘डोझ’, म्हणजे डुलकी, आली. फोन चार्जरला लावलेला नाही, हलत नाही आणि पडदाही बंद आहे, असे काही काळ दिसले की सगळ्यांची कामे रोखून धरायची. मधूनमधून थोडी खिडकी उघडायची आणि सर्वांनी त्यातच उरकून घ्यायचे. आपला चार अ‍ॅपचा हिशेब तो हाच. २०१७च्या अँड्रॉइड ८ने मागच्या कामांवर आणखी मर्यादा घातल्या. आज अँड्रॉइडवर ठरावीक काळाने होणारे काम नोंदवण्याची रूढ सोय वापरली, तर १५ मिनिटांहून कमी अंतर मागताच येत नाही. आणि वेळ भरली तरी काम त्याच मिनिटाला होईल अशी हमी नाही.

म्हणजे दहा वर्षांत दोन्ही वाटा एका जागी आल्या. मागे काय चालावे हे अ‍ॅप लिहिणारा ठरवत नाही, प्रणाली ठरवते. बॅटरीच्या दृष्टीने हे योग्यच झाले. आपण कुठे जातो-येतो हे अ‍ॅपला गुपचूप टिपता येऊ नये, यासाठीही हे बंधन हवेच होते. पण प्रणाली म्हणजे व्यवहारात दोन कंपन्या. त्याचा अर्थ २०२०मध्ये सगळ्यांना कळला.

कोविडची साथ पसरली तेव्हा बाधिताजवळ कोण कोण होते हे मोबाइलने टिपावे, अशी कल्पना निघाली. प्रत्येक फोनने ब्लूटूथवरून हलकी हाक घालायची आणि आसपासच्या फोनांच्या हाका नोंदवायच्या. हे काम तर चोवीस तास, खिशातून, पडदा बंद असतानाच व्हायला हवे. २० मार्च २०२० रोजी सिंगापूरने ‘ट्रेसटुगेदर’ आणले. २ एप्रिलला आपल्याकडे ‘आरोग्य सेतू’ आले, त्यात ब्लूटूथच्या जोडीला फोनचे ठिकाणही वापरले होते. आयफोनवर सिंगापूरचे अ‍ॅप मागे गेले की ब्लूटूथचा शोध थंडावे. म्हणून ते उघडेच ठेवा, असे लोकांना सांगावे लागले. दिवसभर उघडे ठेवायचे अ‍ॅप किती जण उघडे ठेवतील?

१० एप्रिलला अ‍ॅपल आणि गूगल यांनी मिळून मार्ग काढत असल्याचे जाहीर केले. ही नोंद प्रणालीच मागच्या मागे करील, पण कोण कोणाला भेटले याची यादी सरकारी संगणकावर जमणार नाही, ज्याच्या-त्याच्या फोनवरच राहील. फ्रान्सला यादी मध्यवर्ती हवी होती. ब्लूटूथवरचे बंधन सैल करा, अशी मागणी फ्रेंच मंत्र्यांनी अ‍ॅपलकडे उघडपणे केली. ती मान्य झाली नाही. ब्रिटनने स्वतःचे अ‍ॅप मे महिन्यात आइल ऑफ वाइट या बेटावर वापरून पाहिले. १८ जूनला सरकारने निष्कर्ष सांगितले : जवळच्या अँड्रॉइड फोनांपैकी ७५ टक्के ओळखले गेले, आयफोन मात्र फक्त ४ टक्के. त्याच दिवशी त्यांनी ती वाट सोडली. दोन कंपन्यांच्या सोयीवर बेतलेले नवे अ‍ॅप इंग्लंड व वेल्समध्ये २४ सप्टेंबरला आले.

इथे बरोबर कोण, यावर आमचेच एकमत होत नाही. नागरिकांच्या भेटीगाठींची यादी सरकारकडे नको, हे पटते. पण साथीच्या काळात एका निवडून आलेल्या सरकारला ‘हे चालणार नाही’ असे दोन कंपन्यांनी सांगावे, हेही सहज गिळता येत नाही. वरच्या वर्गात नागरिकशास्त्राच्या तासाला हा वाद जरूर घडवून आणावा.

सिंगापूरने तिसरीच वाट धरली. आयफोनवरची अडचण तिथल्या मंत्र्यांनी जूनच्या सुरुवातीला जाहीरपणे सांगितली आणि २८ जून २०२०पासून ज्येष्ठ नागरिकांना एक छोटी डबी वाटायला सुरुवात केली. गळ्यात अडकवावी किंवा पिशवीत टाकावी. तिला पडदा नाही, त्यात दुसरे कोणतेही अ‍ॅप नाही, ब्लूटूथची हाक घालणे आणि ऐकणे एवढेच तिचे काम. चार्ज न करता तिची बॅटरी कित्येक महिने पुरे.