असंघटित मातेची बुडीत मजुरी

मजुरीवर पोट असलेल्या कुटुंबात मूल जन्माला येते, तेव्हा घरखर्च वाढतो आणि नेमकी त्याच वेळी एका माणसाची मिळकत थांबते. ही थांबलेली मिळकत कोणी भरून द्यावी, मालकाने की सरकारने, हा प्रश्न भारतात जवळपास शंभर वर्षे चर्चिला जात आहे. नोंदणीकृत आस्थापनेत काम करणाऱ्या स्त्रीपुरते त्याचे उत्तर कायद्याने दिले. शेतमजूर, ऊसतोड कामगार, घरकाम करणाऱ्या आणि फेरी करून माल विकणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला मात्र ठरावीक रकमेचे अनुदान आले. बुडालेल्या मजुरीच्या ते जवळपासही पोहोचत नाही.

मुंबईचा पहिला कायदा

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ मधील आपल्या पहिल्याच अधिवेशनात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेचा करार संमत केला. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात या आशयाचे विधेयक मांडले. पण ते संमत होऊ शकले नाही. त्यानंतर १९२९ मध्ये मुंबई प्रांताने कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूती लाभ कायदा केला. देशातील अशा प्रकारचा हा पहिला कायदा होय.

या विधेयकावर १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात झालेल्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला होता. प्रसूतीच्या काळात मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्यामुळे या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलणे योग्य ठरेल. तथापि स्त्रियांच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाचीही त्यातून सुटका होऊ नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रत्यक्षात कायद्याने भार मालकावरच ठेवला.

मालक असेल तर

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने मालक व कामगार यांच्या वर्गणीतून प्रसूती लाभ देण्याची व्यवस्था केली. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानुसार विमा योजनेबाहेरील आस्थापनांत हा खर्च थेट मालकावर आला. सुरुवातीला बारा आठवडे असलेली सवेतन रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक ठरली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी समाविष्ट आहेत.

परंतु अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००४-०५ च्या आकडेवारीवरून काढलेल्या निष्कर्षानुसार, देशातील सुमारे ९२ टक्के कामगार अनौपचारिक स्वरूपाचे काम करणारे होते. ज्या स्त्रीचे नाव कोणाच्याही हजेरीपटावर नाही, तिला २६ आठवड्यांच्या वेतनाचा हक्क सांगायचा तरी कोणाकडे?

मालकच नसेल तर

ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये निवडक जिल्ह्यांत इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना सुरू केली. तिच्यात चार हजार रुपये दिले जात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. सरकारी नोकरीतील आणि अन्य कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या. या कायद्याच्या आधारे २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजना देशभर लागू झाली. तिची रक्कम मात्र पाच हजार रुपये ठरली आणि तीही पहिल्या अपत्यापुरती. उर्वरित रक्कम संस्थात्मक प्रसूतीच्या जननी सुरक्षा योजनेतून मिळेल, असे गृहीत धरण्यात आले.

एप्रिल २०२२ पासून योजनेचे स्वरूप बदलले. पहिल्या अपत्यासाठीचे पाच हजार रुपये आता दोन हप्त्यांत मिळतात. गरोदरपणाची नोंदणी आणि किमान एक तपासणी झाल्यावर तीन हजार, तर बाळाच्या जन्माची नोंद व लसीकरणाचा पहिला टप्पा पूर्ण झाल्यावर दोन हजार. दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये एकरकमी मिळतात. अंगणवाडी सेविका किंवा आशा कार्यकर्तीमार्फत अर्ज करता येतो आणि रक्कम थेट मातेच्या बँक खात्यात जमा होते.

मजुरीच्या हिशेबात

मजुरीच्या नुकसानीची अंशतः भरपाई हा योजनेचा जाहीर उद्देश आहे. तो अंश किती, हे साध्या हिशेबावरून कळते. केंद्राने २०१९ मध्ये किमान पातळी म्हणून सुचवलेली मजुरी दिवसाला १७८ रुपये होती. या अत्यल्प दरानेही पाच हजार रुपये म्हणजे केवळ २८ दिवसांची मजुरी होते. २६ आठवड्यांचे दिवस भरतात १८२.

ऊसतोडणीच्या फडात हे अंतर अधिक जाणवते. तेथे पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ मानला जातो आणि उचल घेऊन कामावर आलेल्या जोडीला खाडा परवडत नाही. दोन हजारांच्या हप्त्यासाठी थांबणे आणि फडावर परतणे यांत निवड करायची झाल्यास ती बहुधा आधीच झालेली असते. गाव सोडून हंगामभर परमुलखात राहणाऱ्या कुटुंबाला तपासणी, जन्मनोंद आणि लसीकरण या अटींचे कागद जमवणेही सोपे नसते.

राज्यांचे प्रयत्न

काही ठिकाणी राज्यांनी यापुढे पाऊल टाकले आहे. तमिळनाडूतील डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी मातृत्व साह्य योजनेची रक्कम २०१८ मध्ये पोषण संचासह १८ हजार रुपये झाली. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील गरीब गरोदर स्त्रियांना बुडीत मजुरीपोटी चार हजार रुपये देण्याची तरतूद झाली. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून नोंदणीकृत कामगाराला नैसर्गिक प्रसूतीसाठी १५ हजार, तर शस्त्रक्रियेद्वारे झालेल्या प्रसूतीसाठी २० हजार रुपयांचे साह्य पहिल्या दोन अपत्यांपर्यंत मिळते. हा निधी बांधकामाच्या खर्चावर आकारलेल्या उपकरातून उभा राहतो. कामगाराचा मालक वारंवार बदलत असला, तरी संपूर्ण व्यवसायाकडून वर्गणी घेऊन मातेला साह्य देता येते, हे या पद्धतीने दाखवून दिले आहे.

रोख रकमेइतकीच गरज पाळणाघराची असते. केंद्राची २००६ मधील राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना २०२२ पासून ‘पाळणा’ या नावाने, अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरांसह चालवली जाते. मूल सुरक्षित राहिले तरच मातेला पुन्हा पूर्ण दिवस मजुरी करता येते. १९२८ मध्ये मुंबईत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कारखान्यातील स्त्रीला वर्षभरात मिळाले. बांधावर बाळ निजवून कामाला लागणारी माता अद्याप त्याची वाट पाहत आहे.