महाभारताचा ‘डिफ’: सुकथनकर आणि ४७ वर्षांचा प्रोजेक्ट

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नसेल, तर हे त्याचं लिखित रूप.

पीएचडी करणाऱ्या दोस्तांचा प्रश्न ठरलेला असतो. शेकडो पेपर, फोटो, नोट्स साठल्यात, आवरायचं कसं? कुठलं अॅप वापरू? अॅपचं नंतर बघू. आज पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवर चालू. तिथल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत याच प्रश्नाशी लोक तब्बल ४७ वर्षं झुंजले, आणि तेही कागद, टाक आणि चौकटी एवढ्यावर.

संस्था १९१७ ची. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना महाभारताची नीट तपासलेली, सचित्र आवृत्ती हवी होती. त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. १ एप्रिल १९१९ ला खुद्द रा. गो. भांडारकरांनी मंगलश्लोक लिहून कामाचा श्रीगणेशा केला. (हा शब्द लक्षात ठेवा, गंमत पुढे आहे.)

अडचण काय होती? महाभारताची एकच अशी प्रत नव्हतीच. काश्मीरकडे शारदा लिपीत, मग नेपाळी, मैथिली, बंगाली, खाली तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. शेकडो वर्षं माणसं हाताने नकला करत होती. कुणी शब्द बदलला, कुणी आवडलेली गोष्ट मध्येच घुसवली. आपल्या भाषेत सांगायचं तर हजारो फोर्क, आणि कमिट हिस्टरी शून्य. या सगळ्यातून मागे मागे जात, जिथवर पुराव्याने पोचता येईल तिथवरचा जुना पाठ शोधायचा होता.

सुरुवातीची काही वर्षं चाचपडण्यात गेली. १९२३ मध्ये विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती निघाली. ऑगस्ट १९२५ मध्ये सूत्रं विष्णु सीताराम सुकथनकरांकडे आली. केंब्रिजला गणित शिकलेला, मग बर्लिनला जाऊन संस्कृतात डॉक्टरेट केलेला माणूस. गणिताचा परिणाम कामावर दिसतो, असं मला तरी वाटतं.

आता त्यांचा तक्ता बघा, मला सगळ्यात आवडतो तो हाच. प्रत्येक श्लोकाला स्वतंत्र कागद. वर नीलकंठाच्या टीकेसोबतचा प्रचलित पाठ, एका चौकोनात एक अक्षर असा मांडलेला. खाली प्रत्येक हस्तलिखिताला एक आडवी ओळ. जिथे अक्षर वेगळं, तिथेच, बरोबर त्याच उभ्या रकान्यात ते लिहायचं. उजवीकडे चार इंचांचा कोरा रकाना: समासातली दुरुस्ती, खाडाखोड, जास्तीचे श्लोक, सगळं तिथे. फारच लांब भर असेल तर वेगळ्या ‘शोधपत्रा’वर लिहून ते तक्त्याला जोडायचं. म्हणजे संपादकाने कागद हातात घेतला की उभी नजर टाकताच कुठल्या अक्षरावर भांडण आहे ते कळणार. डिफ टूल, दुसरं काय!

वरचा पाठ खरा म्हणून नव्हता बरं का. तो फक्त मोजपट्टी. सगळ्यांनी त्याच्याशीच तुलना केली की पुण्यातला कागद आणि दुसऱ्या गावातला कागद शेजारी ठेवता येतो. म्हणून तर तुलनेचं काम शांतिनिकेतन आणि तंजावरलाही चालू शकलं. प्रती पुण्याला आणायचा खटाटोप तेवढा वाचला.

दुसरं म्हणजे कुठे थांबायचं हे ठरलेलं होतं. आदिपर्वाची सुमारे २३५ हस्तलिखितं माहीत होती. छापील आवृत्तीच्या तळटीपांसाठी प्रत्यक्षात वापरली ६०. उरलेली बघत बसले असते तर पहिलं पर्वसुद्धा निघालं नसतं.

पण गाळलेलं फेकलं नाही. मुख्य पाठात न बसणाऱ्या ओळी ताऱ्याची खूण आणि क्रमांक देऊन तळटीपेत, मोठे तुकडे परिशिष्टात. आणि गंमत ही, की व्यास सांगतात नि गणपती लिहून घेतो ती कथा अशीच परिशिष्टात गेली! तीही पुण्यात! प्रतींचा पुरावा तसा होता, म्हणून गेली. आणि जिथे संपादकाची स्वतःचीच खात्री नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. ही रेघ आपल्या रिपोर्टांमध्येही असायला हवी राव.

सगळं परिपूर्ण होईपर्यंत ते थांबलेही नाहीत. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्येच छापला, आणि तुकड्यातुकड्याने १९३३ ला पर्व पूर्ण केलं. त्यानंतर नेपाळमधून आदिपर्वाची एक फार जुनी प्रत हाती आली. पाठ ठरवताना ती कुणी पाहिलेलीच नव्हती. सुकथनकरांनी ती ताडून पाहिली, तर त्यांनी केलेल्या अनेक निवडींना तिच्यात दुजोरा मिळाला. कोड रिलीज झाल्यावर कुणीतरी नवा टेस्ट डेटा आणावा आणि तो पास व्हावा, तसं.

१९४२ मध्ये आरण्यकपर्व निघालं. मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर त्यांची चार व्याख्यानं ठरली होती. तीन झाली. २१ जानेवारी १९४३ ला ते अचानक गेले. चौथं व्याख्यान राहूनच गेलं.

काम मात्र अडलं नाही. पर्वं आधीच वाटून दिलेली होती: उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांच्याकडे, सभापर्व अमेरिकेतल्या फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे. तक्ते तयार, नियम आदिपर्वाच्या प्रस्तावनेत १९३३ पासून छापलेले. श्रीपाद कृष्ण बेलवलकर प्रमुख संपादक झाले, १९६१ पासून परशुराम लक्ष्मण वैद्य. सुकथनकरांच्या डोक्यात काय होतं हे शोधत बसायची वेळ कुणावर आली नाही, कारण ते कागदावर होतं. एकोणीस खंड, तेरा हजारांहून जास्त पानं. २२ सप्टेंबर १९६६ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते काम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं.

तोपर्यंत वैद्यांच्या टेबलावर पुढचं काम होतंच. हरिवंश बाकी होता.