किनाऱ्यावरचा पहिला सौदा

लहान मच्छीमाराची कमाई समुद्रात जितकी ठरते, तितकीच ती किनाऱ्यावरच्या पहिल्या सौद्यात ठरते. मासळी हा नाशवंत माल. बर्फ नसेल तर काही तासांतच भाव उतरतो, आणि ही घाई खरेदीदारास पुरती ठाऊक असते. त्यातच होडी, जाळी वा इंजिनासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असली, की मासळी त्यालाच आणि त्याच्याच भावाने देणे भाग पडते. वरवर बिनव्याजी भासणाऱ्या या उचलीचे व्याज पाडलेल्या भावातून वसूल होते.

केरळमध्ये अशा दलालास 'तरकन' म्हणतात. त्याला पर्याय उभा राहिला तो तिरुवनंतपुरमजवळच्या मरियनाड गावात. १९७० च्या सुमारास तेथील मच्छीमारांनी सहकारी संस्था स्थापून लिलावच आपल्या हाती घेतला. लिलाव पुकारणारा संस्थेचा नोकर झाला आणि खरेदीदाराकडून पैसे वसूल करण्याची जबाबदारी संस्थेने उचलली. कर्जफेड व बचतीसाठी रोजच्या विक्रीतून ठरावीक टक्के कापले जाऊ लागले; मासळी लागली नाही, त्या दिवशी हप्ताही नाही. मच्छीमाराच्या अनिश्चित जीवनाशी जुळणारी ही रीत बँकांना सुचली नव्हती. अशा संस्थांचा जिल्हा महासंघ १९८० मध्ये स्थापन झाला. तोच पुढे 'साउथ इंडियन फेडरेशन ऑफ फिशरमेन सोसायटीज' म्हणून ओळखला जाऊ लागला व कन्याकुमारीपर्यंत पोहोचला.

विपणनाचे प्रशिक्षण म्हणजे जाहिरातीचे धडे नव्हेत. होडीवरच बर्फ घालणे, प्रतवारी करणे, हिशेब ठेवणे आणि शेजारच्या बंदरातील भाव जाणणे, हा त्याचा गाभा. समुद्री उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाची 'नेटफिश' ही संस्था २००७ पासून मासळीच्या स्वच्छ हाताळणीचे प्रशिक्षण देत आली आहे. भाव कळल्याने काय घडते, हे अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उत्तर केरळमधील अभ्यासात दाखविले. पूर्वी गिऱ्हाइकाअभावी पाच ते आठ टक्के तारली फेकून द्यावी लागे. मोबाइल आल्यावर ही नासाडी थांबली, मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकांना तारली चार टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली. अर्थात, उचलीने बांधलेल्या मच्छीमाराला दुसऱ्या बंदराचा भाव कळून फारसा उपयोग नाही.

'फेअर ट्रेड'चे प्रमाणपत्र सागरी मासेमारीला प्रथम मिळाले ते २०१४ मध्ये, इंडोनेशियातील मालुकू बेटांवर गळाने कुपा पकडणाऱ्यांना. किमतीवर मिळणारी जादा रक्कम कशी खर्चायची, हे तेथे मच्छीमारांची समितीच ठरवते. परंतु हा मार्ग निर्यातीच्या मासळीचा. गावोगावच्या बाजारात खपणाऱ्या तारली-बांगड्याला तो लागू पडणे कठीण. तेथे कायदाच हवा. केरळने २०२१ च्या कायद्याने लिलावाच्या दलालीवर पाच टक्क्यांची मर्यादा घातली.

हर्णै बंदरावरचा लिलाव पाहिलेल्यांना यातले पुष्कळ ओळखीचे वाटेल. मात्र मोठ्या ढिगांच्या लिलावात टोपलीभर मासळी घेऊन दारोदार विकणाऱ्या बायकांची बोली टिकत नाही. त्यांच्यासाठी लहान वाटे करून विकण्याची सोय किनाऱ्यावरच करावी लागते.