चौदा दिवस आधी दिसलेला सूर्य

मावळतीचे सूर्यबिंब क्षितिजाला टेकलेले दिसते, तेव्हा प्रत्यक्षात ते क्षितिजाखाली गेलेले असते. हवेतून येताना प्रकाशकिरण वाकतात आणि बिंब सुमारे अर्धा अंश वर उचललेले दिसते. पण सूर्य क्षितिजाखाली पाच अंश असतानाही दिसला, असे कोणी म्हटले तर? सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका डच खलाशाने तसे लिहिले आणि तो टीकेचा धनी झाला.

१५९६ साली आशियाकडे जाणारा उत्तरेचा सागरी मार्ग शोधणारे एक डच जहाज नोवाया झेम्ल्या बेटाजवळ बर्फात अडकले. वाहत आलेल्या लाकडांचे घर बांधून खलाशांनी तेथेच, ७६ अंश उत्तर अक्षांशावर, हिवाळा काढला. नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य दिसेनासा झाला. २४ जानेवारी १५९७ रोजी गेरिट द वीर, कप्तान हेम्सकर्क आणि आणखी एक सोबती किनाऱ्यावर गेले, तेव्हा त्यांना सूर्याची कड दिसली. अनुभवी सुकाणूधारी विलेम बॅरेंट्सचा यावर विश्वास बसेना. हिशेबाने अजून चौदा दिवस बाकी होते. तीन दिवसांनी पूर्ण बिंब दिसले.

द वीरची रोजनिशी १५९८ साली छापली गेली. अंधारात यांची दिवसांची मोजणी चुकली असावी, असा आक्षेप आला. परंतु २५ जानेवारीच्या पहाटे पाहिलेली चंद्र-गुरू युतीही द वीरने नोंदवली होती आणि ती पंचांगातील तारखेशी जुळत होती. मोजणी बरोबर होती. पुढे केप्लरने १६०४च्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात या घटनेची दखल घेतली.

कारण हवेच्या थरांत आहे. बर्फालगत थंड, दाट हवा आणि तिच्यावर उबदार, विरळ हवा असली, की वर निसटू पाहणारा किरण पुन्हा खाली वळतो. असे वळत वळत तो पृथ्वीच्या गोलाईबरोबर शेकडो किलोमीटर जातो. दिसते ती सूर्याची विकृत, बहुधा चपटी प्रतिमा. ८ मे १९१५ रोजी अंटार्क्टिकाजवळ बर्फात अडकलेल्या शॅकल्टनलाही, आठवड्यापूर्वी हिवाळ्यापुरता मावळलेला सूर्य असाच पुन्हा दिसला. १९७९ साली कॅनडातील वाल्डेमार लेन यांनी गणित मांडून दाखवले, की द वीरने लिहिले ते घडू शकते.

आपण पाहिले ते पृथ्वीच्या गोलाईशी विसंगत आहे, हे द वीरलाही ठाऊक होते. स्पष्टीकरण त्याच्याजवळ नव्हते. तरीही त्याने नोंद खोडली नाही, तारीखही पुढे ढकलली नाही. म्हणूनच पावणेचारशे वर्षांनी गणिताला पडताळायला काहीतरी उरले.