नक्षी कोणी कोरली?

अमेरिकेत घराभोवतीची हिरवळ कापायला जो छोटा ट्रॅक्टर वापरतात, त्याच्या मागच्या टायरकडे नीट पाहिले तर त्यावर उथळ रबरी ठोकळे एकमेकांना खेटून बसवलेले दिसतात. टायर उद्योगाच्या वर्गवारीत ही नक्षी ‘आर-३’ म्हणून ओळखली जाते. वजन पसरावे, गवताची मुळे उखडू नयेत, हिरवळीवर चाकोऱ्या उमटू नयेत, एवढ्याचसाठी ती आखलेली आहे. म्हणजे जमिनीत न रुतणे हाच या टायरचा गुण. पण असा ट्रॅक्टर घेणाऱ्या अनेकांकडे हिरवळीला लागूनच चढ असतो, झाडी असते, बर्फ वितळल्यावर चिखल होणारी वाट असते. तिथे ठोकळ्यांमधल्या फटी चिखलाने भरतात आणि चाक जागच्या जागी फिरत राहते. मग मालक तापणाऱ्या पात्याची कोरणी घेतो, ठोकळ्यांच्या काही रांगा कापून काढतो आणि फटी रुंद करून तिरप्या पट्ट्या उभ्या करतो. या कामाकडे हौशी माणसाची खटपट म्हणून पाहिले जाते. मला ते मान्य नाही. ट्रॅक्टरच्या चाकाचा इतिहास पाहिला, तर चाकाची पकड दर वेळी एखाद्या विशिष्ट मातीच्या अडचणीतून घडलेली दिसते. त्या मातीवर काम करणारा माणूस आधी हात चालवतो, कारखाना मागून येतो.

कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन नदीच्या त्रिभुज प्रदेशाचेच उदाहरण घ्या. तिथली पीट माती इतकी भुसभुशीत की वाफेवर चालणारी अवजड यंत्रे तिच्यात बुडत. स्टॉक्टनच्या बेंजामिन होल्टने आधी चाके रुंद करत नेली. शेवटी त्याच्या एका यंत्राच्या चाकांची एकूण रुंदी ४६ फुटांवर गेली. असे यंत्र वळवायचे कसे आणि न्यायचे कोठून, हा प्रश्न उरलाच. २४ नोव्हेंबर १९०४ रोजी रॉबर्ट्स बेटावर त्याने चाके काढून त्यांच्या जागी लाकडी फळ्यांच्या साखळीचे पट्टे बसवून पाहिले आणि यंत्र तरंगल्यासारखे चालले. आज रस्त्याच्या प्रत्येक मोठ्या कामावर दिसणाऱ्या पट्ट्यांच्या यंत्रांचा वंश इथे रुजला. इतरत्र, जिथे जमीन टणक होती, तिथे लोखंडी चाकांवर लोखंडी दात ठोकले गेले. हे दात शेतात उत्तम रुतत, पण रस्ता उखडत, चालकाची हाडे खिळखिळी करत आणि फळबागेत झाडांची वरवरची मुळे तोडत.

ही शेवटची तक्रार निर्णायक ठरली. फ्लोरिडातल्या लिंबूवर्गीय बागांची मुळे वाळूत उथळ पसरलेली असतात. लोखंडी दातांनी ती तुटू लागली, तेव्हा बागाईतदारांनी ट्रकच्या जुन्या टायरची आवरणे लोखंडी चाकांवर चढवली. त्यात हवा नव्हती. नुसती रबराची झूल होती. विंटर गार्डन गावातले फोर्ड विक्रेते हॉयल पाउंड्स यांचे नाव रबरी चाकांच्या ट्रॅक्टरशी जोडले जाते, ते याच भागातले. कंपन्यांचे लक्ष त्यानंतर इकडे वळले. १९३२ मध्ये ॲलिस-चाल्मर्सने ‘मॉडेल यू’ ट्रॅक्टरला फायरस्टोनचे विमानाचे टायर लावून विस्कॉन्सिनमधल्या एका शेतात चालवून पाहिले. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून शर्यतीच्या मोटारी हाकणारा बार्नी ओल्डफील्ड १९३३ मध्ये असाच ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांच्या वेगाने हाकून दाखवता झाला. वेग दाखवून टायरचा खप वाढला हे खरे, पण शेतकऱ्याचा प्रश्न वेगळाच होता: ओल्या चिखलात हा टायर नांगर ओढेल का? विमानाच्या टायरवरची नक्षी तिथे निरुपयोगी होती. म्हणून जाड, उंच, तिरप्या पट्ट्यांची नक्षी आली. नव्या ट्रॅक्टरवर रबर ही दशकभरातच नेहमीची गोष्ट झाली.

इथे एक आक्षेप समोर येतो. सुरुवात शेतकऱ्यांनी केली असेल, पण नंतर अभियंत्यांनी चाचण्या घेऊन उत्तम नक्षी शोधली. मग कोरणी घेऊन बसणाऱ्याने त्यात भर काय घालायची? हा आक्षेप एकच उत्तम नक्षी असते असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात खुद्द कंपन्यांचेच त्यावर कधी एकमत झाले नाही. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मध्यभागी जोडलेल्या असाव्यात, असे फायरस्टोन सांगत असे. मध्य मोकळा हवा, म्हणजे चिखल अडकत नाही, असे गुडइयरचे म्हणणे. १९४० च्या दशकातल्या शेतीविषयक मासिकांतल्या जाहिराती या वादाने भरलेल्या आहेत. शेवटी फायरस्टोनने दोन्ही प्रकार विकायला ठेवले. पुढे पट्टीच्या कोनावरून पुन्हा तसेच झाले: ४५ अंश की २३? आणि भात-उसाच्या शेतासाठी ‘आर-२’ हा वेगळाच प्रकार राहिला, ज्याच्या पट्ट्यांची उंची शेतीच्या साध्या टायरच्या, म्हणजे ‘आर-१’च्या, जवळपास दुप्पट असते. तज्ज्ञांचे ज्ञान कमी होते म्हणून हे घडले नाही. प्रश्नच मातीगणिक बदलणारा होता.

याची शास्त्रीय मांडणीही झालेली आहे. १९४४ मध्ये ब्रिटिश अभियंता मिकलथ्वेट याने रणगाड्यांच्या संदर्भात एक साधे सूत्र दिले. जमिनीकडून मिळणारी जास्तीत जास्त ओढ दोन गोष्टींची बेरीज असते: चाक जेवढ्या मातीला भिडते ते क्षेत्रफळ गुणिले मातीचा चिकटपणा, आणि चाकावरचे वजन गुणिले मातीच्या कणांमधले घर्षण. कोरड्या वाळूत चिकटपणा जवळजवळ नसतो, म्हणून तिथे वजनच कामी येते. नक्षी कितीही खोल कोरली तरी फरक पडत नाही. ओल्या चिकणमातीत उलटे. तिथे घर्षण कमी, म्हणून वजन वाढवून फारसा लाभ नाही. तिथे पट्टीने वरचा निसरडा थर कापून खालच्या घट्ट मातीला भिडले पाहिजे आणि पुढच्या फेरीआधी स्वतःला स्वच्छ केले पाहिजे. पोलंडमधून आलेल्या एम. जी. बेकर यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात जमिनीवरून चालण्याचे हे शास्त्रच उभारले. त्यांचाच हात लागलेल्या चांद्रवाहनाच्या तारेच्या जाळीदार चाकांवर १९७१ मध्ये टायटॅनियमच्या पट्ट्या बसवल्या होत्या, त्या ट्रॅक्टरच्या टायरवरल्यासारख्या तिरप्याच. तेव्हा कोरणाऱ्याला दिला जाणारा ‘चाकावर वजने बांधा, टायर कापू नका’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. वाळूत तो पूर्ण बरोबर, चिखलात बहुतांशी चूक. आणि कोणत्या जागी कोणते लागू, हे तिथे रोज ट्रॅक्टर चालवणाऱ्यालाच ठाऊक असते.

हिरवळीच्या ट्रॅक्टरचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. व्हील हॉर्स या कंपनीची सुरुवात १९४६ मध्ये इंडियाना राज्यात झाली. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ‘कब कॅडेट’ १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आणि जॉन डियरचा ११० हा ट्रॅक्टर १९६३ मध्ये आला. ही यंत्रे परसातला नांगर ओढतील आणि गवतही कापतील, अशा दुहेरी अपेक्षेने घडवली होती. दुहेरी कामाला एकच टायर पुरणार नव्हता. पुढे वजन ओढण्याच्या स्पर्धा रुजल्या, १९६९ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटनाही झाली, आणि छोट्या ट्रॅक्टरांचेही गट निघाले. तिथे टायर कोरणे ही कसबी कला झाली: पट्टीची पुढची कड किती धारदार ठेवायची, मागची किती उतरती, मातीत ओल किती असताना किती पट्ट्या राखायच्या. कंपन्यांनी खास अशा स्पर्धांसाठीचे टायर काढले तेही नंतर.

धोक्याचा आक्षेप मात्र मला पूर्णपणे गंभीर वाटतो. हिरवळीच्या टायरवर रबराचा थर पातळ असतो. खोल कोरले की आतले धागे उघडे पडतात. ट्रकचे जे टायर पुन्हा कोरण्यासाठी बनवतात, त्यांत खोबणीखाली जादा रबर राखलेले असते आणि तशी खूण टायरवरच छापलेली असते. अमेरिकी नियम रस्त्यावरच्या टायरची खोबण पुन्हा खोल करायची मुभा तेवढ्याच टायरना देतात. ताशी आठ-दहा किलोमीटरने चालणाऱ्या यंत्रात टायर तापून फुटण्याची भीती नगण्य आहे, पण धागा कापला गेला तर टायर गेलाच. म्हणून जाणते लोक खोली वाढवत नाहीत. असलेल्या खोलीतच ठोकळे काढून फटी रुंद करतात. दुसरा धोका कमी बोलला जातो. स्वस्त ट्रॅक्टरची गिअरपेटी जड ओढीसाठी घडवलेलीच नसते. चाक घसरते तेव्हा तो ताण वाया जातो. पकड वाढली की तोच ताण दात्यांवर येतो. आर-३ टायरची घसरण ही अशा यंत्राची एक प्रकारे राखण होती. अशा यंत्राचे टायर कोरू नयेत, हे मी स्पष्टपणे म्हणेन.

पकडीची किंमत नेहमीच दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागते: गवताला, मुळांना, नाहीतर रस्त्याला. अमेरिकेतल्या काही जुन्या पंथाच्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर मोटारीसारखा रस्त्यावर फिरू नये म्हणून आजही लोखंडी चाकेच ठेवली आहेत. आयोवातल्या मिचेल काउंटीने २००९ मध्ये रस्ते वाचवण्यासाठी अशा चाकांवर बंदी घातली आणि २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे कोकणात किंवा भंडारा-गोंदियात चिखलणीसाठी लोखंडी केज व्हील लावून ट्रॅक्टर खाचरात घालतात आणि तीच चाके डांबरी रस्त्यावर आली की रस्ता सोलला जातो. माती आणि रस्ता यांतले हे भांडण सगळीकडे सारखेच आहे.

तरीही यंत्रांचे इतिहास इंजिनांवर लिहिले जातात, कारण इंजिन टिकते आणि टायर झिजून जातो. जुने ट्रॅक्टर हौसेने दुरुस्त करणारे लोक रंग मूळचा शोधतात, चिन्हे मूळची लावतात आणि टायर मात्र नवे कोरे चढवतात. कोरलेला जुना टायर भंगारात जातो आणि त्या मातीवर त्या माणसाने काय ताडले होते, याचा एकमेव पुरावाही त्याच्याबरोबर जातो. जुनी शेतीयंत्रे जपणाऱ्या संग्रहालयांनी आणि संग्राहकांनी हाताने कोरलेला एक तरी टायर, तो कोणत्या मातीसाठी आणि कोणत्या हंगामात कोरला होता याच्या नोंदीसह, ठेवून घ्यावा.