सुपरचार्जरच्या इंजिनासाठी क्रँकशाफ्ट आणि हब कसे निवडावेत?

ट्रॅक्टरमधला टर्बोचार्जर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या दाबावर फिरतो. सुपरचार्जर मात्र बहुधा क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरील पुलीच पट्ट्याने फिरवते. त्यामुळे सिलिंडरमधील वाढीव दाबाबरोबर त्या टोकावर पट्ट्याची आडवी ओढ आणि पीळही येतो. तिथला हब सैल असेल तर चावी तुटते, खाच रुंदावते आणि शाफ्टला तडा जाऊ शकतो.

क्रँकशाफ्ट : ओतीव लोखंडाऐवजी घडीव मिश्र पोलादाचा घ्यावा. तापलेले पोलाद साच्यात दाबून घडवल्याने त्याची कणरचना शाफ्टच्या आकाराबरोबर वळते व तो वारंवार येणारा ताण जास्त काळ सोसतो. १९६१ मध्ये स्थापन झालेली पुण्याची भारत फोर्ज असे घडीव क्रँकशाफ्ट बनवते. जुना शाफ्ट वापरायचा असल्यास चुंबकीय पद्धतीने तड्यांची तपासणी करून घ्यावी.

हब : पोलादी आणि शाफ्टवर घट्ट बसणारा असावा. दाब जास्त ठेवायचा असल्यास दोन चाव्यांची रचना बरी. हब हातोडीने ठोकू नये. योग्य साधनाने दाबून बसवावा आणि बोल्ट टॉर्क रेंचने आवळावा.

डॅम्पर काढून नुसती पुली लावण्याचा मोह टाळावा. पिळाची कंपने शोषली गेली नाहीत, तर मजबूत शाफ्टही तुटतो.